उत्तराचे दान आणि प्रतिग्रहाचा धर्म

प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषींकडे हाती समिधा घेऊन जे सहा जिज्ञासू गेले, त्यांतील एक विदर्भाचा होता. भार्गव वैदर्भि हे त्याचे नाव; आणि त्याने विचारलेला प्रश्न बारकाईने पाहिला तर तो गणनेचाच आहे, कारण प्रजेला धारण करणारे देव किती, त्यांतील प्रकाश देणारे कोणते आणि सर्वांत श्रेष्ठ कोण, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. परंतु हा प्रश्न ओठांवर येण्यापूर्वी त्याला एक संपूर्ण संवत्सर तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांच्या नियमांत गुरूजवळ राहून काढावे लागले. ऋषींनी मात्र स्वतःवर घेतलेले बंधन अगदी थोडे होते, आपणांस ठाऊक असेल तर सर्व सांगू, एवढेच. उत्तर देणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्यावर अधिक नियम असावेत, हा आपल्या परंपरेतील एक जुना आणि दृढ विचार आहे. गीतेत परिप्रश्नाच्या आधी प्रणिपात सांगितला आहे आणि त्याच्या जोडीला सेवा. मनुस्मृतीने अन्यायाने विचारणाऱ्यास उत्तर देऊ नये असे स्पष्ट बजावले आहे. आणि बृहदारण्यकात गार्गीसारख्या विदुषीलाही याज्ञवल्क्यांनी एका मर्यादेपाशी थांबविले आहे. प्रश्न ही निरुपद्रवी वस्तू आहे, तो कोणी कोणास केव्हाही विचारावा, असे या परंपरेने कधीच मानलेले नाही.

हा विषय आज काढण्याचे निमित्त मात्र सर्वस्वी प्रशासकीय आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या एखाद्या खात्याला लोकांच्या स्थितीविषयी माहिती हवी असते. ती त्याने स्वतः न गोळा करता सांख्यिकी कार्यालयाकडून पाहणी करवून घ्यावयाची असते. आणि अशी मागणी कोणी करावी, खर्च कोणी सोसावा, प्रश्नपत्रिका कोणी सिद्ध करावी, भरून आलेले कागद कोणाच्या दप्तरात राहावेत, निष्कर्ष कधी आणि कोणाच्या संमतीने प्रसिद्ध व्हावेत, यांविषयी काही नियम करावे लागतात. सचिवालयात या नियमांची गणना किरकोळ कार्यालयीन आदेशांत होते. माझी अशी दृढ समजूत आहे की ते खऱ्या अर्थाने धर्माच्या प्रांतातील नियम आहेत, आणि त्यांचा विचार त्या पातळीवर झाल्यावाचून ते नीट केलेही जाणार नाहीत आणि पाळलेही जाणार नाहीत.

विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवर, पैनगंगेच्या काठी, यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका आहे. कापूस, सोयाबीन आणि हळद पिकविणाऱ्या, आणि पोफाळीच्या साखर कारखान्यामुळे काही भागांत उसाकडे वळलेल्या या तालुक्यातील एखाद्या गावात, नमुन्यात निवड झालेल्या घराच्या ओट्यावर अन्वेषक येऊन बसतो. बियाण्यास काय लागले, खतास काय लागले, सोसायटीचे किती, बँकेचे किती, सावकाराचे किती, कृषी केंद्राची उधारी किती राहिली, असे एकामागून एक प्रश्न येतात. ज्या गोष्टी त्या गृहस्थाने आपल्या सोयऱ्यांपासून झाकून ठेवल्या, ज्यांतील काही घरच्या लक्ष्मीलाही पुरत्या सांगितल्या नाहीत, त्या त्याने एका परक्या मनुष्यासमोर उघड कराव्यात अशी अपेक्षा असते. आणि तो जेव्हा सहज विचारतो की, साहेब, हे लिहून नेऊन आम्हांला काय मिळणार, तेव्हा अन्वेषकाला प्रामाणिकपणे एकच उत्तर देता येते, की तुम्हांला म्हणून काही मिळणार नाही. २००८ च्या सांख्यिकी संकलन अधिनियमात माहिती देण्यास नकार देणाऱ्यास दंड सांगितला आहे हे खरे; पण दंडाच्या धाकाने फार तर शब्द मिळतात, सत्य मिळत नाही. ओट्यावरचा तो गृहस्थ जे सत्य सांगतो ते तो कोणत्याही मोबदल्यावाचून, ज्यांस तो कधी पाहणार नाही अशा लोकांच्या हितासाठी देतो. आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत याला दान म्हणतात, आणि नाव गुप्त राहते म्हणून गुप्तदान.

एकदा ही गोष्ट दानाची ठरली की सरकारचे स्थान आपोआप निश्चित होते; ते दान घेणारे, प्रतिग्रह करणारे ठरते. प्रतिग्रहाविषयी धर्मशास्त्राची दृष्टी किती कठोर आहे हे आपण विसरलो आहोत. दान देणे सोपे, घेणे अवघड. घेण्याचा विधी न जाणता जो घेतो त्याचे तेज नष्ट होते. आणि घेण्याचा अधिकार असला तरी त्याची आसक्ती धरू नये, असे मनूचे सांगणे आहे. ते सांगणे ब्राह्मणासाठी होते, राजासाठी नव्हते. कारण राजा घेतो ते कर म्हणून, दान म्हणून नव्हे, असे त्या काळी गृहीत होते. आधुनिक राज्याने मात्र करापलीकडे जाऊन प्रजेच्या आयुष्याचे कथन मागावयास प्रारंभ केला, आणि तेथे तो जुना प्रतिग्रहाचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

लोकांच्या मनात गणनेविषयी जो संशय आहे तो अज्ञानातून आलेला आहे असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात समाहर्त्याच्या हाताखालचा गोप पाच किंवा दहा गावांतील शेतकरी, गोरक्षक, व्यापारी, कारागीर, कर्मकर, द्विपाद आणि चतुष्पाद या सर्वांची नोंद ठेवतो. आणि त्याच प्रकरणात, ती नोंद खरी आहे की नाही हे पडताळण्यासाठी गृहस्थाच्या वेषातील हेर गावागावांत पाठविण्याची योजना सांगितली आहे. मोजणारा आणि पाळत ठेवणारा हे एकाच हाताची दोन बोटे होती. पुढे अनेक शतके खानेसुमारी झाली म्हणजे पाठोपाठ पट्टी बसते आणि पाहणी झाली म्हणजे जमाबंदी वाढते, हा अनुभव रयतेने घेतला. आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची जी चाल होती, तिच्यात मोजण्याने समृद्धीला दृष्ट लागू नये ही भावना आहे, आणि ही भावना एकट्या मराठी मुलुखाची नाही. बायबलच्या जुन्या करारात दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली म्हणून इस्राएलावर मरी आली अशी कथा आहे. आणि त्याच ग्रंथात दुसरीकडे, गणती करावयाची तर प्रत्येकाने, मग तो श्रीमंत असो वा दरिद्री, सारखाच अर्धा शेकेल द्यावा, असा विधी सांगितला आहे. गणतीला प्रायश्चित्ताची जोड द्यावी, तिच्यात लहानमोठा भेद करू नये, आणि राजाने केवळ आपले सामर्थ्य अजमावण्यासाठी माणसे मोजू नयेत, हा त्या विधीतील आशय मला विलक्षण सूक्ष्म वाटतो.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर १८६७ साली तेथे पहिली पद्धतशीर खानेसुमारी झाली. उमरखेड तेव्हा पुसद तालुक्यात आणि पुसद वाशीम जिल्ह्यात मोडत असे. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल आणि पलीकडे निजामाची रियासत, अशी त्या वेळची स्थिती होती. त्यानंतरच्या गणतींतील दोन आकडे वऱ्हाडी मनुष्याने विसरू नयेत असे आहेत: १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती, आणि १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी काय केले याची ही साक्ष आहे, आणि ती साक्ष, कोणाही अधिकाऱ्याच्या अहवालातील मुलायम शब्दांनी पुसता आलेली नाही. गणती हे रयतेवरचे संकट असेल, पण ती रयतेची साक्षीदारही होऊ शकते. ती यांपैकी काय व्हावी हे मोजणाऱ्याने कोणते नियम स्वतःवर घेतले यावर अवलंबून असते.

स्वतंत्र भारतात १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. प्रशांतचंद्र महालनोबीस हे तिचे प्रणेते. ज्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्यावर पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. कर आकारणाऱ्या, कर्ज देणाऱ्या आणि मदत वाटणाऱ्या खात्यांपासून अलग अशी, केवळ विचारण्याचे काम करणारी एक यंत्रणा असावी, या कल्पनेचे मोल आज आपणांस पुरते कळत नाही. ते कळण्यासाठी २००३ सालचे उदाहरण घ्यावे. त्या वर्षी नमुना पाहणीच्या ५९ व्या फेरीत, केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या विनंतीवरून, शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी करण्यात आली. पहिल्या भेटीत देशातील ६,६३८ गावांतील ५१,७७० शेतकरी कुटुंबे तपासली गेली. खरीप आणि रब्बी हे दोन्ही हंगाम हाती लागावेत म्हणून त्याच कुटुंबांकडे वर्षात दोनदा जाण्यात आले. निष्कर्ष असा निघाला की देशातील ४८.६ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी आहेत, महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.८ टक्के आहे, आणि संधी मिळाल्यास शेती सोडून दुसरा व्यवसाय पत्करू असे म्हणणारे शेकडा चाळीस आहेत.

कृषी मंत्रालयाला हे प्रश्न स्वतःच्या माणसांकरवी विचारता आले नसते काय? यंत्रणा होती, तलाठी होता, कृषी सहायक होता. पण उमरखेडच्या शेतकऱ्याने तलाठ्यासमोर दिलेले कर्जाचे उत्तर आणि कोणत्याही लाभाशी वा वसुलीशी संबंध नसलेल्या अन्वेषकासमोर दिलेले उत्तर यांत अंतर पडते, आणि ते पडावयाचेच. पहिल्या ठिकाणी उत्तर देणारा अर्जदार असतो किंवा थकबाकीदार असतो; दुसऱ्या ठिकाणी तो केवळ साक्षीदार असतो. खात्याने पाहणी स्वतः न करता मध्यस्थ कार्यालयाकडे सोपविणे म्हणजे आपला दंड दाराबाहेर ठेवून मग घरात पाऊल टाकणे होय. जे खाते पाहणी करविते, पण नंतर घरोघरच्या उत्तरांची यादी नावानिशी मागते, ते ठेवलेला दंड मागील दाराने आत आणते.

या ठिकाणी महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानाकडे वळणे मला आवश्यक वाटते, कारण या प्रश्नाचे मर्म त्या कथेइतके स्वच्छ मला इतरत्र कोठे आढळलेले नाही, आणि ती कथा तर विदर्भाच्या वाटेवर घडते. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येचा राजा ऋतुपर्ण कुंडिनपुराकडे निघाला आहे, आणि त्याचा रथ हाकणारा बाहुक म्हणजे विद्रूप झालेला नल आहे. वाटेत बिभीतकाचा, म्हणजे आपल्या बेहड्याचा, एक वृक्ष लागतो. ऋतुपर्ण नुसत्या दृष्टिक्षेपाने सांगतो की खाली पडलेली पाने आणि फळे झाडावर असलेल्यांपेक्षा एकशे एकाने अधिक आहेत, आणि दोन फांद्यांवर मिळून २,०९५ फळे आहेत. नलाला हे पटत नाही. राजाला घाई असतानाही तो रथ थांबवितो, आपण स्वतः मोजून पाहणार असा हट्ट धरतो, मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. तेव्हा राजा त्याला अक्षहृदय ही विद्या देतो, आणि ती प्राप्त होताच नलाच्या देहातील कली बाहेर पडून त्या वृक्षात शिरतो. पुण्यात जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ विद्याधर प्रभाकर गोदंबे यांनी नमुना पद्धतीच्या इतिहासाची चर्चा करताना या कथेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. भागावरून समग्राचा अंदाज बांधण्याची विद्या या देशाला अपरिचित नव्हती, एवढाच अर्थ त्यातून बहुधा काढला जातो. मला तिच्यातील नलाचा हट्ट अधिक महत्त्वाचा वाटतो. राजाने सांगितले म्हणून संख्या खरी न मानता, राजाच्या समक्ष, राजाची गैरसोय करून, ती पडताळून पाहण्याचा सारथ्याचा अधिकार येथे मान्य झाला आहे, आणि राजाने त्याबद्दल रोष न धरता त्याला आपली विद्या दिली आहे.

पण याच उपाख्यानात दुसरीही एक पाहणी आहे. नलाचा शोध घेण्यासाठी दमयंतीच्या पित्याने देशोदेशी ब्राह्मण पाठविले, आणि दमयंतीने त्यांना एक ठरावीक वाक्यरचना पाठ करून दिली: निद्रिस्त प्रियेला अरण्यात टाकून, तिचे अर्धे वस्त्र कापून नेणारा तो द्यूतकार कोठे आहे, अशा आशयाची. प्रत्येक सभेत तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारावयाचा आणि कोण काय उत्तर देतो ते आणून सांगावयाचे. एकसारखी प्रश्नपत्रिका, शिकवून पाठविलेले अन्वेषक, उत्तरांची नोंद. पद्धती म्हणून पाहिले तर आजच्या पाहणीत याहून काय निराळे असते? तरीही हेतू सर्वस्वी भिन्न आहे. दमयंतीला सभांतील माणसांविषयी काही जाणावयाचे नव्हते. हजारो उत्तरांतून तिला एकच माणूस हुडकून काढावयाचा होता, आणि पर्णाद नावाच्या ब्राह्मणाने आणलेल्या उत्तरावरून तो तिने काढलाही. ऋतुपर्णाला मात्र कोणतेही एक फळ हवे नव्हते. त्याच्या विद्येत झाड दिसते आणि फळ निनावी राहते.

ही दोन्ही कार्ये धर्म्य आहेत. दमयंतीचा शोध पवित्र होता, आणि राज्यालाही असा शोध करावाच लागतो. २००६ साली विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, त्यांत यवतमाळ होताच, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर शासकीय यंत्रणेने सुमारे सतरा लाख कुटुंबांच्या घरी जाऊन पाहणी केली, ती विपन्न कुटुंबे ओळखण्यासाठी. तिच्यात नाव नसते तर तिचा उपयोगच नव्हता. २०११ ची सामाजिक, आर्थिक व जात गणना ग्रामविकास मंत्रालयाच्या पुढाकाराने झाली, ती मुद्दाम १९४८ च्या जनगणना अधिनियमाबाहेर ठेवून. कारण तिच्यातील वैयक्तिक माहितीवरून कोणाला योजनेचा लाभ द्यावा हे ठरवावयाचे होते, तर जनगणनेची कागदपत्रे त्या अधिनियमाच्या १५ व्या कलमाने कोणालाही पाहावयास मिळत नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. हा भेद उघडपणे सांगून केला गेला हे योग्यच झाले. अधर्म घडतो तो, ऋतुपर्णाच्या वेषात जाऊन दमयंतीचा प्रश्न विचारला जातो तेव्हा. म्हणजे आज निनावी म्हणून घेतलेले उत्तर उद्या नावासकट दुसऱ्या कामाला लावले जाते तेव्हा. युरोपाने याचे फळ भोगले आहे. नेदरलँड्समध्ये शांततेच्या काळात निष्ठेने भरलेल्या लोकनोंदीच्या पुस्तकांत प्रत्येकाचा धर्म लिहिलेला होता, आणि जर्मन फौजा आल्यावर ज्यू कुटुंबांचा माग काढण्यास तीच पुस्तके उपयोगी पडली. अखेर २७ मार्च १९४३ रोजी ॲम्स्टरडॅममधील प्रतिकारकांना ते नोंदणी कार्यालय पेटवून द्यावे लागले, आणि त्यांतील बहुतेकांना त्यासाठी प्राण द्यावे लागले. नोंद करणाऱ्या लेखनिकांचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच आजच्या राज्यकर्त्याच्या सद्हेतूवर विसंबून न राहता, उद्या कोण येईल हे ठाऊक नाही असे धरून नियम करावे लागतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. ज्याच्या घरी अन्वेषक बसला त्याचेच घर कर्जाने पिचलेले आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. आणि आता तो म्हणतो की तुझे नाव मी कोणास सांगणार नाही, म्हणून तुला मदतही मिळणार नाही. ही गुप्तता दयेच्या आड येत नाही काय? मी या आक्षेपाचा पुष्कळ विचार केला आहे, आणि त्याचे पूर्ण समाधान होते असे मला म्हणवत नाही. परंतु जर सांगितलेल्या दुःखाबद्दल मदत मिळू लागली, तर पुढच्या घरी दुःख मदतीच्या मापाने सांगितले जाईल आणि ज्याला बोलता येत नाही त्याचे दुःख सर्वांत खाली जाईल. शिवाय ज्या नियमाने मदत येऊ शकते त्याच नियमाने जप्तीही येऊ शकते. या दात्याची परतफेड त्याच्या घरापुरती करता येत नाही. ती त्याच्यासारख्या सर्वांच्या धोरणातून करावी लागते, आणि म्हणूनच धोरण ठरविणाऱ्यावर त्या आकड्यांचे ऋण राहते. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यास पूर्ण माफी मिळाली. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन यापेक्षा अधिक असूनही त्याचे उत्पन्न बागायतदाराच्या पासंगालाही पुरत नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली गेली नाही. उत्तर दिले गेले आणि ऐकले गेले नाही, याचे हे एक उदाहरण आहे, आणि आमच्या भागात ते अजून बोलले जाते.

ऐकले जाणे हे प्रश्न कसा घडविला यावरही अवलंबून असते. २००३ च्या पाहणीत शेतकरी ठरण्यासाठी जमिनीचा ताबा असणे आवश्यक होते. २०१३ च्या ७० व्या फेरीत ती अट काढून, शेतीतून वर्षाला तीन हजार रुपयांहून अधिक उत्पादन काढणारे कुटुंब ते कृषी कुटुंब, अशी व्याख्या घेतली गेली. दोन ओळींच्या या बदलाने काही माणसे दृष्टीस पडली आणि काही दिसेनाशी झाली. सातबाऱ्यावर नाव नसलेली, सासऱ्याच्या नावावरील वावर कसणारी विधवा, मक्त्याने किंवा बटईने जमीन करणारा भूमिहीन, यांना कोणत्या व्याख्येत जागा आहे? शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर त्याचे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ज्या चौकशीत ठरते, तिच्यात जमीन कोणाच्या नावावर आणि कर्ज कोणत्या संस्थेचे, हे प्रश्न निर्णायक असतात. आणि ज्या घरातून माणूस गेला त्या घराच्या वाट्याला ‘अपात्र’ हा शेरा येतो, याचा अर्थ यवतमाळ जिल्ह्यातील मनुष्याला समजावून सांगावा लागत नाही. म्हणून पाहणीची मागणी करणाऱ्या खात्याला व्याख्या ठरविण्याचा एकट्याने अधिकार असता कामा नये. आपल्या योजनेच्या सोयीची व्याख्या ते करील, आणि हे त्याला कळणारही नाही.

भाषेचेही तसेच आहे. या तालुक्यात आणि आसपासच्या जंगलपट्टीत बंजारा तांडे आहेत, आंध आहेत, गोंड आणि कोलाम आहेत. कोलकात्यात सिद्ध झालेली प्रश्नपत्रिका तांड्यावर पोहोचते ती अन्वेषकाने जागच्या जागी केलेल्या भाषांतरातून. आणि जेथे अशा भाषांतरानेही उत्तर मिळत नाही, तेथे मौनाचा मान राखणे हाही प्रश्नकर्त्याचाच धर्म आहे, आणि आमच्या कायद्याला तो एकदा तरी कळला होता याचे मला समाधान वाटते. जनगणना अधिनियमाच्या ८ व्या कलमात प्रत्येकजण उत्तर देण्यास बांधील असल्याचे सांगून लगेच म्हटले आहे की कोणत्याही स्त्रीवर आपल्या पतीचे, किंवा रूढीने ज्याचे नाव घेणे तिला निषिद्ध आहे अशा कोणाचेही, नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही. ती रूढी मला मान्य नाही. पण राज्याच्या प्रश्नापुढे एका खेडुत बाईचा संकोच उभा राहिला तर राज्याने दोन पावले मागे घ्यावीत, हा त्यातील विवेक मला शिरोधार्य आहे.

आता प्रतिग्रहातील सर्वांत मोठ्या दोषाकडे येतो. घेतलेले दान फेकून देणे हा तो दोष होय. २०१७-१८ च्या रोजगारविषयक पाहणीचा अहवाल तयार असून प्रसिद्ध होत नाही म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल ३१ मे रोजी बाहेर आला आणि त्यात बेरोजगारीचे प्रमाण ६.१ टक्के होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, २०१७-१८ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष गुणवत्तेच्या कारणास्तव प्रसिद्ध केले जाणार नाहीत असे सरकारने जाहीर केले. पाहणीत दोष राहू शकतात, आणि ते दाखवून देणे तज्ज्ञांचे कर्तव्यच आहे. पण दोष दाखवावयाचे ते निष्कर्ष सर्वांपुढे ठेवून, नलाने मोजून पाहिले तसे, राजाच्या समक्ष. हजारो घरांतील बायामाणसांनी आपल्या चुलीचा, तेलामिठाचा, औषधाचा हिशेब तासन्‌तास बसून सांगितला असता तो दप्तरात गाडून टाकणे, याला मी तांत्रिक निर्णय मानावयास तयार नाही.

म्हणून पाहणी करवून घेऊ इच्छिणाऱ्या खात्याने आधी लेखी सांगावे की कोणता निर्णय या उत्तरावर अवलंबून आहे, आणि उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध आले तर आपण काय बदलणार आहोत. ज्याला हे सांगता येत नाही त्याची दरखास्त तेथेच परत करावी. तीच माहिती दुसऱ्या दप्तरात आधीच पडलेली आहे काय, हे त्याने शोधले पाहिजे. २०११ च्या सांख्यिकी संकलन नियमांत द्विरुक्ती टाळण्यासाठी नोडल अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, तिचा उपयोग नाव नेमण्यापुरता न राहता मागणी नाकारण्यापर्यंत व्हावा. खर्च खात्याने द्यावा, पण पैसा दिला म्हणून प्रश्नांच्या शब्दांवर, नमुन्यावर वा प्रसिद्धीच्या तारखेवर त्याचा अधिकार पोहोचू नये; तारीख पाहणी सुरू होण्यापूर्वीच जाहीर झालेली असावी. संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेली शासकीय सांख्यिकीची मूलतत्त्वे, ज्यांत वैयक्तिक माहितीची कडक गुप्तता आहे, भारत सरकारने २०१६ साली स्वीकारली आहेत. त्यांना खात्यांशी होणाऱ्या प्रत्येक करारनाम्यात, शेवटच्या पानावर नव्हे तर पहिल्या कलमात, स्थान मिळाले पाहिजे. आणि ज्या भाषेत उत्तर मागितले त्या भाषेत निष्कर्षाचा गोषवारा, त्या गावाच्या ग्रामपंचायतीत लावला गेला पाहिजे. आजवर हे कोणी आवश्यक मानले नाही याचे मला मनापासून दुःख होते.

जानेवारी २०२५ पासून नमुना पाहणीत जिल्हा हा मूलभूत स्तर धरण्यास प्रारंभ झाला आहे. राज्याच्या सरासरीत यवतमाळचे कोरडवाहू वावर आणि पश्चिम महाराष्ट्राचा बागायती मळा एकत्र मिसळून जात असत, ते यापुढे टळण्याची आशा आहे, आणि ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र २०११ च्या गणतीप्रमाणे २७,७२,३४८ लोकवस्तीच्या या जिल्ह्यात नमुन्यात येणारी गावे मोजकीच असणार. उमरखेड तालुक्यातील एखाददुसरे गाव, त्यातील थोडी घरे, एखादा कोलाम पोड. प्रश्न जितका माणसाच्या जवळ येतो तितके नाव झाकूनही माणूस ओळखता येणे सोपे होते. किती घरांच्या उत्तरांखाली उतरून कोणताही तक्ता काढावयाचा नाही, आणि मागणी करणाऱ्या खात्यालाही तो पाहू द्यावयाचा नाही, हा आकडा जिल्हावार निष्कर्ष बाहेर पडण्याआधी ठरला पाहिजे, आणि अन्वेषकाने ओट्यावर बसताच पहिली गोष्ट म्हणून तो त्या घरच्या माणसाला सांगितला पाहिजे.